भिवापूर : भूमी, इतिहास आणि लाल मिरची

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर, उमरेडहून नागभीडकडे जाणाऱ्या मार्गावर भिवापूर हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वी उमरेड तालुक्यात मोडणारा हा भाग पुढे स्वतंत्र तालुका झाला. त्याच्या उत्तरेस कुही, पश्चिमेस उमरेड, पूर्वेस भंडारा जिल्ह्यातील पवनी आणि दक्षिणेस चंद्रपूर जिल्हा आहे. भिवापूरचे नाव दूरवर पोचले ते येथील मिरचीमुळे. परंतु मिरचीची ही कीर्ती टिकविणे आज सोपे राहिलेले नाही. तिचे मोल समजण्यासाठी प्रथम या भूमीची ओळख करून घ्यावी लागते.

दोन प्रदेशांची संधी

नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग कापूस व संत्र्यांचा, तर वैनगंगेच्या खोऱ्यातील पूर्वेकडील मुलूख धानाचा. भिवापूर या दोहोंच्या संधीवर वसले आहे. एका शिवारात कापूस व सोयाबीन, तर पुढच्या शिवारात बांध्यांतून उभे धान, असे दृश्य येथे दिसते. पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो.

परिसराची जीवनवाहिनी म्हणजे वैनगंगा. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी वर्धा नदीला मिळाल्यावर प्राणहिता हे नाव धारण करते व अखेर गोदावरीस मिळते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे तिच्यावर धरण बांधण्यात आले. २२ एप्रिल १९८८ रोजी या प्रकल्पाची पायाभरणी झाली व २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सिंचनाची मोठी आशा या प्रकल्पाने दिली. त्याचबरोबर नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावांना आपली घरे व शेते जलाशयास द्यावी लागली. या प्रदेशाच्या इतिहासात त्यांच्या त्यागाची नोंद असलीच पाहिजे.

इतिहासाचे टप्पे

शेजारच्या पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेचा हा काठ समृद्ध होता, हे त्यावरून सिद्ध होते. पुढे या मुलखावर देवगडच्या गोंड राजांची व अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

१९०८ साली नागपूर-नागभीड ही अरुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली आणि भिवापूर नागपूरच्या बाजारपेठेशी जोडले गेले. रूंदीकरणासाठी ही जुनी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

वनवैभव

साग, ऐन, तेंदू, मोह व पळस यांनी नटलेले पानझडीचे वन हे येथील सौंदर्य होय. फाल्गुनात पळस फुलला म्हणजे रानाला जणू ज्वाळा लागल्याचा भास होतो. २०१२ साली घोषित झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटर असून ते उमरेड, कुही, भिवापूर व पवनी तालुक्यांत पसरले आहे. नागझिरा व ताडोबा या वनांमधील वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर ते वसले असल्याने त्याचे महत्त्व आकारमानाहून मोठे आहे. नागझिऱ्याहून २०१३ साली येथे आलेला ‘जय’ हा वाघ याचे उदाहरण होय. २०१६ च्या एप्रिलनंतर मात्र तो दिसेनासा झाला.

मिरचीचे नाव व मिरचीचे बियाणे

मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारतात आली व ठिकठिकाणच्या मातीत तिने निरनिराळी रूपे घेतली. भिवापुरी मिरची गडद लाल रंग व तिखटपणा यांसाठी प्रसिद्ध आहे. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडण्याच्या जागेस येथे ‘सातरा’ म्हणतात. अनेक स्त्रियांच्या हाताला तेथे काम मिळते.

२०१६-१७ या वर्षात या मिरचीस भौगोलिक मानांकन लाभले. परंतु चुरडा-मुरडा रोग, तोडणीचा वाढता खर्च आणि संकरित वाणांचे आकर्षण यांमुळे देशी वाणाचे क्षेत्र घटत गेले. मिरचीत परपरागीभवन बऱ्याच प्रमाणात होते. शेजारी दुसरा वाण असल्यास मूळ वाणाची शुद्धता नष्ट होते. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर विलगीकरण अंतर राखावे लागते. हे अंतर एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. त्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र यावे लागते.

कर्तव्य कोणते?

मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करावे लागते. नावाचा लाभ घेण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावयास हवी. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. देशी मिरचीचे बियाणे अद्याप कोणाच्या घरी आहे, याची नोंद त्या वहीत व्हावी. शाळेच्या परसबागेत त्याचा एक वाफा राखणे शिक्षकांना सहज शक्य आहे. नाव कागदावर सुरक्षित झाले, तरी वाण शेतातच टिकतो. आणि शेतातून तो गेला, तर कागदावरील नावाला अर्थ उरत नाही.