घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

मूल जाड आहे म्हणून त्याचं डोकं चालत नाही, हा समज आधी काढून टाका. माझा मुलगा पहिल्यापासून तल्लख. पाढे तोंडपाठ, दुकानातल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब माझ्याआधी तयार. तोच मुलगा चौथीत पहिल्या तासाला पेंगू लागला. फळ्यावरचं निम्मंच वहीत उतरायचं, तोंडी गणितं चुकायची. मुलं आधी ‘ढोल्या’ म्हणायची, मग नुसतंच ‘ढ’ म्हणू लागली. पीटीच्या दिवशी हटकून पोट दुखायचं आणि शाळा बुडायची.

शनिशिंगणापुरात आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. तेल, रुईच्या पानांचे हार, काळे उडीद, बर्फी. शनिवारी आणि अमावस्येला रात्री उशिरापर्यंत गर्दी हटत नाही. अशा घरातली मुलं दुकानातच वाढतात. भूक लागली की बर्फी, तहान लागली की रसवंतीचा रस, जेवण रात्री दहानंतर. पोर अंगानं भरत गेलं तसं खात्यापित्या घरचं म्हणून कौतुकच झालं.

आमच्या गावात घरांना दारं नसतात, चौकटीला पडदा. मुलाचं घोरणं ओसरीपर्यंत ऐकू यायचं. सासूबाई म्हणायच्या, “दमलंय गं, गाढ झोपलंय.” एका रात्री उशाशी बसून नीट पाहिलं. घोरता घोरता आवाज एकदम बंद. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, छाती आत ओढली जातेय, पण श्वास काही येत नाही. मग हिसका बसल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलली, की पुन्हा घोरणं. उशी घामानं ओली. ते मी मोबाइलवर टिपलं आणि नगरला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. तुम्हीही हेच करा. दवाखान्यात मूल जागं असतं, तिथे घोरणं दिसत नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गळ्याभोवती चरबी साठली आणि त्यात टॉन्सिल्स किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असल्या, की झोपेत श्वासाची वाट बंद होते. प्राणवायू कमी पडला की मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, रात्रीतून कितीतरी वेळा. मुलाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. पण दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच मोडते. मग लक्ष लागत नाही, चिडचिड होते, गुण घसरतात. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. नऊ तास अंथरुणात पडून राहणं म्हणजे नऊ तास झोप नव्हे.

त्याच्या टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइडची शस्त्रक्रिया झाली. पहाटे पोर आपण होऊन उठून बसलं, तेव्हा मला रडू आलं.

वजनाचं काम मात्र सावकाशीचं. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका; बहुतेकदा वजन आहे तिथे थोपवलं आणि उंची वाढू दिली तरी पुरतं. मूल जाड आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर वजन आणि उंची मांडून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. जाड मुलातही रक्त कमी असू शकतं, तेही तपासून घ्या.

उसाच्या रसाला आपण साधा, घरचा समजतो. मोठ्या ग्लासात 30 ग्रॅमच्या पुढे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं या वयाच्या मुलाला दिवसभरात 40 ग्रॅमच्या आसपास ही वरची मर्यादा, आणि त्याच्या निम्मी असेल तर उत्तम. आमच्याकडे आता रस सणावारी. जेवण साडेसातला, दुकानाच्या मागच्या खोलीत का होईना. रोज तासभर लंगडी, पकडापकडी, सायकल. चिडवणाऱ्यांबद्दल वर्गशिक्षिकांशी बोलले. त्यांनी पीटीत त्याला रस्सीखेचेत शेवटचा गडी केलं, आणि पोटदुखी गेली.

घोरणं शस्त्रक्रियेनंतर थांबलं तरी वजन चढलं की परत येऊ शकतं. म्हणून आठवड्यातून एखाद्या रात्री दिवा मालवल्यावर थोडा वेळ पोराच्या उशाशी बसा आणि श्वास ऐका. घोरणं पुन्हा सुरू झालेलं दिसलं, तर परीक्षेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.