शेजारच्या टेबलावरचा माणूस

(उलव्यातलं घर. मावशी सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेली. भाची न्हावा-शेव्याकडच्या एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात कामाला.)

भाची : मावशी, ह्या माणसाबरोबर काम करणं अशक्य आहे. कागद वेळेवर देत नाही, आणि साहेबांसमोर म्हणतो, "मी तर कालच दिले होते."

मावशी : कसले कागद?

भाची : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. ते आल्याशिवाय शिपिंग बिलाची चेकलिस्ट बनत नाही. कट-ऑफ संध्याकाळी सहाचा, आणि हा चार वाजता मेल टाकतो. कामचुकार आहे, दुसरं काय!

मावशी : त्याच्याकडे कागद किती वाजता येतात?

भाची : पार्टीकडून येतात. कधी येतात, ते नाही बघितलं.

मावशी : मग कामचुकार हे अजून ठरायचंय. ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये यावर लिहिलंय. समोरच्यानं चूक केली की आपण त्याच्या स्वभावाला बोल लावतो, परिस्थितीकडे बघतच नाही. परवा तू उशिरा पोचलीस, तर म्हणे खारकोपरची लोकल चुकली. तो उशिरा आला असता तर?

भाची : बेफिकीर म्हटलं असतं. पण माझ्या कामाचं श्रेय लाटतो, त्यात कसली आलीय परिस्थिती?

मावशी : काही नाही. तिथं मी तुझ्या बाजूची. पण "तू नेहमीच असं करतोस" म्हणून सुरुवात केलीस की संपलं. 'नेहमीच' ऐकलं की माणूस आधी अपवाद शोधतो. त्यापेक्षा एकच प्रसंग घे. "काल इन्व्हॉइस चारला आलं, मला बारापर्यंत लागतं, कुठं अडतंय?" आणि हे दोघांतच बोल, चहाच्या टपरीवर चारचौघांत नको.

भाची : त्यानं उडवून लावलं तर?

मावशी : तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक. "आज बोलल्याप्रमाणे उद्यापासून कागद बारापर्यंत लागतील." आमच्या कचेरीत तोंडी शब्दाला काडीची किंमत नव्हती. टिपणी लिहा, खाली सही, तारीख. फाईल कुणी सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त दाबून ठेवू नये म्हणून राज्यात 2005 चा कायदा आहे. कायदा करावा लागला, यातच काय ते समज! साहेबांना मात्र पहिल्याच मेलमध्ये सीसी करू नकोस, तो युद्ध पुकारल्यासारखा वाटतो.

भाची : मग साहेबांकडे जायचं कधी?

मावशी : कोणता कंटेनर राहिला, पार्टीला किती भुर्दंड पडला, हे दाखवता येईल तेव्हा. "तो मला त्रास देतो" एवढ्यावर साहेब काय करणार?

भाची : आणखी एक आहे. एक नवी मुलगी आलीय. तिला हाच माणूस रात्री मेसेज करतो. घाणेरडे. ती सगळ्यांना टाळत फिरते.

मावशी : हे आधी सांगायचं! हा सांभाळून घेण्यातला मामला नाही. ऑफिसात किती माणसं आहेत?

भाची : आठ.

मावशी : दहा किंवा जास्त असती तर लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागली असती. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निदान निम्म्या बायका, एक सदस्य बाहेरचा. दहाच्या आत असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मालकाविरुद्ध तक्रार असली तरी तीच. आपण स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो, पण उलवे काय, न्हावा-शेवा काय, जिल्हा रायगड. जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला.

भाची : मुदत?

मावशी : शेवटच्या मेसेजपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. तेवढ्या काळात तिला बदली किंवा रजा मागता येते. आणि "मिटवून टाका" हा आग्रह कुणी धरायचा नाही. समझोता तिनं मागितला तरच, तोही पैशांवर नाही.

भाची : आणि नुसतं ओरडणं, टोमणे, वाळीत टाकणं?

मावशी : त्यावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. स्वीडननं 1993 मध्येच नियम केला. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 190 क्रमांकाचा करार केला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर मात्र 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, तिथं थेट पोलीस.

भाची : मग तिच्या वतीनं मीच लिहून देते तक्रार.

मावशी : ती स्वतः देऊ शकत असेल तर तिनंच द्यायची. तू लिहायला सोबत बस. मेसेज पुसू देऊ नकोस, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि नीट ऐक. तुझ्या इन्व्हॉइसचा एक शब्दही त्यात येता कामा नये.

भाची : का? माणूस तर तोच!

मावशी : म्हणूनच. तुझा राग तिच्या अर्जात दिसला की तो म्हणेल, हे जुनं भांडण आहे, मला अडकवताहेत. तुझं प्रकरण तुझ्या मेलमध्ये राहू दे, तिचं तिच्या अर्जात.

भाची : तिला आत्ता फोन लावू?

मावशी : लाव. आधी विचार, तक्रार द्यायची आहे का.