संभाजीनगरच्या उन्हात क्लेमॅटिस फुलेल का?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या दारातली जांभळ्या, तळहाताएवढ्या फुलांची क्लेमॅटिस मनात भरली आहे. आमच्या सिडकोतल्या घरापुढे ती लावता येईल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लावता येईल, पण इंग्लंडसारखी फुलेल अशी आशा धरू नका. तुम्ही पाहिलेली वेल बहुधा ‘जॅकमनी’ असावी. इंग्लंडमधल्या वोकिंग गावच्या जॅकमन रोपवाटिकेत हा संकर 1862 मध्ये पहिल्यांदा फुलला. अशा जातींना हिवाळ्यात चांगली थंडी आणि बारा महिने गार मुळं लागतात. आपल्याकडे थंडी थोडे दिवस टिकते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वेल मरते ती बहुधा मुळं तापल्यामुळे.

हौस करायचीच असेल, तर मोठी मातीची कुंडी घ्या आणि ती पूर्वेच्या भिंतीशी ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. नुसती काळी माती नको. तिच्यात पाणी साचून मुळं कुजतात. पोयटा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत घाला. रोप पिशवीत होतं त्यापेक्षा दोन-तीन इंच खोल लावा. वरचा भाग वाळला तरी मातीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा. जॅकमनी नव्या फुटव्यांवर फुलते, म्हणून थंडी सरता सरता टपोऱ्या डोळ्यांच्या वर, जमिनीपासून फूटभरावर छाटणी करा.

आधार बारीक हवा. क्लेमॅटिसला गोकर्णासारखे वेढे घालत चढता येत नाही, द्राक्षासारखे ताणेही नसतात. ती पानाच्या देठानं आधाराला मिठी मारते. चार्ल्स डार्विननं वेलींवरच्या 1865 च्या निबंधात या देठांचा बारकाईनं अभ्यास मांडला आहे. जाड पाइप देठाच्या कवेत येत नाही. सुतळी किंवा बारीक तारेची जाळी चालते.

पण या जांभळ्या वेलीच्या सख्ख्या बहिणी आपल्याच डोंगरांत वाढतात, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. सह्याद्रीत आणि दख्खनच्या टेकड्यांवर झुडपांवर पसरणारी मोरवेल, म्हणजेच रानजाई, ही क्लेमॅटिसच. पावसाळा ओसरू लागला की ती पांढऱ्या फुलांनी भरते. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं असतात; हे सगळ्या क्लेमॅटिसचं लक्षण. फुलांनंतर येणाऱ्या बियांना रेशमी पिसासारखी शेपटी असते आणि त्या वाऱ्यावर दूर जातात.

आपला पाऊस आणि आपला कोरडा उन्हाळा मोरवेलीच्या अंगवळणी पडलेला आहे. म्हणून ती कुंडीत न कोंडता कुंपणाशी जमिनीत लावा. दीड फुटाचा खड्डा घेऊन तळाशी मुरूम टाका, म्हणजे पाणी निथळेल. पहिला पाऊस चांगला झाला की लागवड करा. कडक उन्हाळ्यात वेल वाळल्यासारखी दिसली तर उपटू नका. बुंधा जिवंत असेल तर पावसात पुन्हा फुटेल. रोप देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा. कुणाकडे वेल असेल तर तिची फांदी मातीत दाबून, मुळं फुटल्यावर रोप वेगळं करता येतं. गौताळ्यासारख्या अभयारण्यातून मात्र रोप किंवा बी आणू नका. ते कायद्यानं मना आहे.

एक काळजी घ्या. क्लेमॅटिसच्या ताज्या रसानं त्वचेची आग होते, फोडही येतात. छाटताना हातमोजे घाला. लहान मुलं आणि गुरं वेलीपासून दूर ठेवा, आणि ऐकीव माहितीवर तिचं औषध करू नका.

तेव्हा सुरुवात मोरवेलीपासून करा. तिला आधार, निचरा आणि छाटणी देता देता या कुळाची रीत तुमच्या हाताला कळेल. तिनं तुमच्या अंगणात एक उन्हाळा काढला, की मग जॅकमनीवर पैसे घाला.