पानथरीतील गाठी आणि घटणारे रक्तघटक

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे जाते. तो कमी दिसला तर पालेभाज्या, गूळ, लोहाच्या गोळ्या असा सल्ला घरोघरी मिळतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो योग्यही असतो. परंतु तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी भरल्या, तर एवढ्याने भागत नाही. रक्त तयारच कमी होते आहे, की तयार झालेले कोठे अडकून नष्ट होते आहे, हे पाहावे लागते. पहिल्या शंकेसाठी अस्थिमज्जा तपासतात. दुसरीचे उत्तर पुष्कळदा प्लीहेत मिळते.

खेड्यापाड्यांत जिला पानथरी म्हणतात, तीच ही प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड ती दडलेली असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम असते आणि निरोगी असताना ती सहसा हाताला लागत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. थकलेल्या व बिघडलेल्या पेशी गाळून काढणे हे प्लीहेचे एक मुख्य काम. शरीरातील जवळजवळ एक तृतीयांश प्लेटलेट एरवीही तिच्यात मुक्कामाला असतात. प्लीहा फुगली की हा वाटा वाढत जातो. अस्थिमज्जा आपले काम चोख करीत असते, तरीही शिरेतून घेतलेल्या नमुन्यात आकडा घसरलेला दिसतो. या अवस्थेला हायपरस्प्लेनिझम म्हणतात.

आपल्याकडे अशा वेळी हिवताप, यकृताचा सिऱ्होसिस, थॅलेसेमिया ही कारणे आधी शोधली जातात, आणि तो क्रम बरोबरच आहे. विदर्भातील पालकांनी सिकलसेलचाही विचार करावा: अशा लहान मुलाच्या प्लीहेत एकाएकी रक्त साठते, पोट फुगते, मूल पांढरेफटक पडते. तेव्हा सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे असते.

ही कारणे नसतील, तर क्वचित प्लीहेतील रक्तवाहिन्यांचीच गाठ निघते. त्यांपैकी हिमँजिओमा ही साधी गाठ त्यातल्या त्यात अधिक आढळते. लहान असेल तर ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसते आणि तिच्यावर नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. मोठ्या गाठीच्या गुंतागुंतीच्या वाहिन्यांत मात्र प्लेटलेट अडकून खर्ची पडू शकतात. कासाबाख आणि मेरिट या डॉक्टरांनी एका अर्भकाच्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गाठीसंबंधी असे वर्णन १९४० मध्येच केले होते.

लिटोरल सेल अँजिओमा ही त्याहून विरळ गाठ वैद्यकात १९९१ मध्ये वेगळी ओळखली गेली. प्लीहेच्या आतील रक्तमार्गांना अस्तर असणाऱ्या पेशींपासून ती होते, आणि त्या पेशींची गिळण्याची मूळ सवय गाठीतही टिकून असते. पंडुरोग किंवा प्लेटलेटची घट हेच कित्येकदा तिचे पहिले लक्षण ठरते. ती बहुधा सौम्य असते. मात्र काही रुग्णांत अन्य अवयवाचा कर्करोगही आढळल्याने पुढे तपासण्या चालू ठेवतात. अँजिओसार्कोमा ही खरी घातक गाठ. ती अत्यंत दुर्मिळ, पण प्लीहा फुटून पोटात रक्तस्राव होण्याची भीती तिच्यात मोठी.

खरी अडचण निदानाची आहे. सीटी स्कॅनवर या गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात, आणि सुईने तुकडा काढावा तर रक्तस्रावाचा धोका. म्हणून अनेकदा प्लीहा काढूनच निदान पक्के होते. रक्तघटकांची घट तिच्यामुळेच असेल, तर त्यानंतर आकडे बहुधा सुधारतात. परंतु त्याची किंमतही असते. न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धची एक महत्त्वाची फळी कायमची जाते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर न्यूमोकोकस, मेनिन्गोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लशी निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. पुढे आयुष्यभर कोणताही ताप किरकोळ समजू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तेथे प्रथम प्लीहा काढल्याचे सांगावे. असे मूल वसतिगृहात राहत असेल, तर पालकांनी ही माहिती गृहपालांकडे लेखी देऊन ठेवावी.