ब्रेकखाली जाणारे पेट्रोल

घरातील नळ ठिबकू लागला, तर आपण त्याखाली लगेच बादली ठेवतो. मोटारीचे पेट्रोल मात्र रोज गळत असते, आणि ही गळती टाकीला नसून चालकाच्या पायात असते. ती कशी, हे शाळेतील पदार्थविज्ञानाच्या आधाराने पाहू.

एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तिच्या ठायी सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून मोटार थांबविली, की ही ऊर्जा उष्णता होऊन हवेत विरते. पुन्हा तोच वेग गाठण्यास नवे पेट्रोल जाळावे लागते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असली, तरी तिचा चौथा-पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे अशा प्रत्येक थांब्याची किंमत सुमारे २० मिलिलिटर, अर्थात चार चहाचे चमचे पेट्रोल! विजेवरील व संकरित मोटारींत यातील काही ऊर्जा परत बॅटरीत जाते. साध्या मोटारीत ती गेली ती गेलीच.

म्हणून पहिला नियम असा : दृष्टी दूर ठेवावी. पुढे लाल दिवा दिसताच पाय उचलावा व मोटार गिअरमध्येच हळूहळू येऊ द्यावी. इंजेक्शन पद्धतीच्या आजच्या इंजिनात अशा वेळी इंधन बहुधा पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राखण्यापुरते ते जळतच राहते. म्हणून बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना न्यूट्रल करणे ही बचत नव्हेच. उलट सर्व भार ब्रेकवर येऊन ते तापतात व ऐन वळणावर दगा देतात.

दुसरा नियम वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला, तर तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. टपावरील रिकामे कॅरिअरही त्यात भर घालते.

तिसरा नियम निगेचा. टायरमधील हवा चाके थंड असताना तपासावी. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. प्रवासानंतर एखादे चाक इतरांहून फार गरम लागले, तर ब्रेक घासत असल्याचा संशय धरून मेकॅनिकला दाखवावे. इंजिनात ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे.

या सर्वांचा पडताळा घेण्यास एक वही पुरे. टाकी पूर्ण भरावी व किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढे पुन्हा पूर्ण भरताना चाललेल्या अंतरास भरलेल्या लिटरांनी भागावे. ४२० किलोमीटरांस २८ लिटर लागले, तर सरासरी १५ आली. महिन्यास हजार किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाने ती १७ वर नेली, तर वर्षाकाठी सुमारे ९४ लिटर पेट्रोल वाचते. आजचा दर घेऊन हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा.

आणखी एक लाभ वहीत मांडता येत नाही. जो चालक शंभर पावलांवरचा लाल दिवा आधी पाहतो, त्यालाच चेंडूमागे रस्त्यावर धावणारे मूलही आधी दिसते.