लिमोन बंदरातले आठ तास

प्रश्न : मुलीकडे फ्लोरिडाला जाणार आहोत. तिने आमच्यासाठी पनामा कालव्याच्या क्रूझचे बुकिंग केले आहे. वाटेत कोस्टा रिकाच्या पुएर्तो लिमोन बंदरात जहाज सकाळी आठ ते दुपारी चार थांबेल. तेवढ्यात राजधानी सान होसे बघून होईल का? बंदराच्या गावात काही नाही, असे सगळे म्हणतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सान होसेचा विचार सोडा. अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. पण रस्ता ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या घाटातून जातो आणि पावसात दरड कोसळून वरचेवर बंद पडतो. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, तुम्ही ठरवलेल्या टॅक्सीसाठी मात्र थांबत नाही. शिवाय जहाजाचे घड्याळ आणि गावातले घड्याळ जुळेलच असे नाही. उतरतानाच विचारून घ्या.

गावात काही नाही, हे मला अजिबात मान्य नाही. धक्क्यासमोर उविता नावाचे बेट दिसते. चौथ्या आणि शेवटच्या सफरीत, १५०२ साली, कोलंबस याच किनाऱ्याला लागला, असे मानतात. पण लिमोन घडले ते रेल्वेमुळे. डोंगरावरची कॉफी युरोपला लवकर पोचावी म्हणून १८७१ साली सान होसे ते लिमोन लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि ते पुरे व्हायला १८९० उजाडले. जंगल, दलदल आणि तापाने हजारो मजुरांचा बळी घेतला. त्यांत जमैकाचे लोक मोठ्या संख्येने होते. बांधकामाचा ठेका सांभाळणाऱ्या मायनर कीथने रुळांच्या कडेने केळी लावली आणि त्या धंद्यातून १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. जमैकन मजुरांची मुले इथेच जन्मली, तरी त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळायला १९४९ पर्यंत थांबावे लागले. आज बाजारात जमैकन वळणाची इंग्रजी ऐकू येते ती त्यांच्या नातवंडा-पतवंडांची. हे माहीत असेल, तर साध्या लाकडी घरांच्या गल्लीतूनही पाय लवकर निघत नाही.

धक्क्यापासून चालत पार्के बार्गासला जा. समुद्राकाठच्या या बागेतल्या उंच झाडांवर स्लॉथ नावाचे प्राणी राहतात. मान वर करून शांतपणे शोधा. पानांच्या गर्दीत करड्या केसांचा गोळा दिसला की तोच. केसांत शेवाळ वाढत असल्याने अंगावर हिरवट झाक असते. पचन इतके संथ, की शौचासाठी तो आठवड्यातून साधारण एकदाच झाडावरून उतरतो. कुणी स्लॉथ हातात देऊन फोटो काढायला बोलावले तर ठाम नकार द्या. माणसाच्या हाताळण्याने तो जीव घाबरतो, नि कोस्टा रिकाचे सरकारही अशा फोटोंविरुद्ध मोहीम चालवते.

उरलेल्या वेळात एकच गोष्ट निवडा. जवळच्या मोइनहून तोर्तुगेरोच्या दिशेने जाणाऱ्या कालव्यांत होडीची फेरी मिळते. केमन मगरी, बगळे आणि हाऊलर माकडे दिसण्याची चांगली शक्यता असते. चालायची आवड असेल तर दक्षिणेला काउइता राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यालगतची वाट सपाट असल्याने गुडघ्यांना त्रास होत नाही. मी कालवे निवडीन.

जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात मागा. सोबत बहुधा कोंबडी येते, शाकाहारी असाल तर आधीच सांगा. ‘पाती’ नावाच्या करंजीत खिमा असतो. ‘प्लांतिंता’त गोड पिकलेल्या केळ्याचे सारण असते, पण पिठात चरबी आहे का ते विचारा. शहाळे सगळीकडे मिळते. डॉलर चालतात, सुटे ठेवा. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो, तेव्हा छत्री हवीच. व्हिसाचे क्रूझ कंपनीकडून आताच लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट विसरू नका. याच क्रूझमध्ये पनामा किंवा कोलंबियात उतरणार असाल आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणार असाल, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.