दळणाचा डबा

खर्ड्यात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातली, मालकांनी चालवली आणि ते गेल्यापासून मी चालवते. दिवसभर माणसं येतात, डबा ठेवतात, थांबतात, बोलतात. माणसांशी कसं वागावं हे मी इथेच शिकले. त्यातलं थोडं लिहिते.

१. डब्यात किती आहे, हे चारचौघांत बोलू नये.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर मिलो यायची, परदेशातली लालसर ज्वारी. शाळूची पांढरी भाकरी खाल्लेल्या माणसाला ती दळायला आणायचीही लाज वाटे. सासरे सांगायचे, भले भले लोक पिशवीवर पंचा टाकून यायचे. सासरे पंचा काढायला लावत नसत. पिशवी हातात घ्यायची, पाठ फिरवायची आणि दळण गिरणीत ओतायचं. ‘काय आणलंय?’ हा गिरणीवाल्याचा रोजचा प्रश्न त्या वर्षी त्यांनी कुणाला विचारला नाही.

आजही कुणाच्या डब्यात पायलीभर असतं, कुणाच्या दीड किलो. ‘आज एवढंच का गं?’ असं मी मायेनेच विचारायचे. पण गिरणीच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं आणि माझी माया दहा जणींना ऐकू जायची. आता वजन बोटांवर दाखवते. जिला कळायचं तिला कळतं.

२. आपला विश्वास नसला तरी दुसऱ्याचा सांभाळावा.

मी उपवास करत नाही. पण आषाढीच्या आधी भगर नि राजगिरा दळायला येतो, तेव्हा जात्याच्या दगडाला गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं. आधी ओंजळभर भगर दळून ते पीठ बाजूला काढते, मगच उपवासाचं दळण आणलेल्या माउलीचा डबा टाकते. पाच मिनिटं जातात, तेवढंच.

३. नंबर आपला नसतो.

आमच्या जामखेड तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आदल्या दिवशी बाया पोत्यानं बाजरी घेऊन येतात. मुकादमाची गाडी कधी दारात लागेल याचा नेम नाही, त्यात लाईट जायची. अशा बाईला मी सरळ पुढे घ्यायचे आणि चांगलं केलं असं मनाशी म्हणायचे.

एकदा रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “तिला दे की आधी, मी नाही कुठं म्हणते? पण मला विचार तरी. मी सकाळपासून बसलेय.”

आजींचं खरं होतं. थांबलेल्या बाईचा वेळ मी परस्पर वाटून मोकळी होत होते आणि पुण्य माझ्या नावावर लावत होते. त्या दिवसापासून आधी रांगेला विचारते. इतक्या वर्षांत कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट दोघी उठून पोतं धरायला येतात.

४. आपलं खरं असलं तरी समोरच्याला खाली पाहायला लावू नये.

हे शिकायला मला सगळ्यात उशीर लागला.

आमच्या गावाचं नाव इतिहासात आहे ते लढाईमुळे. ११ मार्च १७९५ला मराठ्यांनी इथे निजामाला हरवलं. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला, तह झाला, त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं. इतिहासकार ग्रँट डफने पुढची एक गोष्ट नोंदवली आहे, ती मी फार नंतर वाचली. छावणीत सगळे आनंदात असताना पेशवा सवाई माधवराव उदास होता. वय पुरतं एकवीसही नव्हतं. कारभारी नाना फडणवीसांनी कारण विचारलं. मोगलांनी इतकी मानहानी सोसून शरण यावं आणि आपल्या लोकांनी कष्टाविना मिळालेल्या विजयाच्या बढाया माराव्यात, या दोन्हींचं वाईट वाटतं, असं तो म्हणाला.

ते वाचलं आणि मला माझा फळा आठवला. गिरणीत एक काळा फळा होता. उधारी थकली की मी त्यावर खडूने नाव लिहायचे. एका बाईचं नाव लिहिलं, तर ती दुसऱ्याच दिवशी आली. पदराच्या गाठीतून नोटा सोडल्या, काट्यावर ठेवल्या आणि काही न बोलता गेली. मी बाकीच्यांना म्हटलं, “बघा, नाव लागलं की पैसे येतात.” सगळ्या हसल्या.

ती आठ महिने आली नाही. डोक्यावर डबा घेऊन पलीकडच्या गिरणीत जायची, माझ्याच दारावरून.

शेवटी मीच तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. तिने आधी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, चहा टाकला. माझा गुडघा कसा आहे ते विचारलं. फळ्याचा विषय मी काढणार, तेवढ्यात म्हणाली, “ताई, उद्या गर्दी कधी कमी असती? गहू आणायचा होता.”

पैसे माझे होते, हिशोबही बरोबर होता, तरी तिच्या घरात मान माझी खाली होती. आणि तिने ती कुणाला दिसू दिली नाही.

उधारीची वही आता आत, देवळीत असते. फळ्यावर फक्त लाईटच्या वेळा लिहिते.